शेतकऱ्याच्या घरातून नर्स प्रॅक्टिशनर : अभ्यासाची तयारी कशी करावी



या पानावर आम्ही नेहमी लागण, खोडवा, खतांच्या मात्रा आणि पाण्याच्या पाळ्या यांवर लिहितो. या वेळी विषय थोडा वेगळा आहे. तो पुस्तकातून सुचलेला नाही, गट ऑफिसच्या ओट्यावर बसलेल्या एका सभासदाने विचारलेल्या प्रश्नातून निघाला आहे.

मागच्या गळीत हंगामात एका फडाजवळच्या कोपीत रात्री झोपलेली ऊसतोड टोळीतली एक बाई पहाटे पोट दुखतंय म्हणून उठली. दंशाची खूण कुठे दिसत नव्हती. मुकादमाला वाटले, काहीतरी खाण्यात आले असेल. तरी त्याने शहाणपण केले आणि गाडी काढून तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेले. त्या वेळी अतिदक्षता विभागात आपल्याच एका सभासदाची मुलगी नर्स म्हणून रात्रपाळीवर होती. बाईच्या पापण्या जड होऊन खाली येताहेत, आवाज बदलतोय, गिळताना त्रास होतोय, हे तिने पाहिले. श्वास मोजले आणि ताबडतोब डॉक्टरांना बोलावले. डॉक्टर येईपर्यंत श्वासनलिकेत नळी घालण्याचे सगळे साहित्य मांडून ठेवले. मण्यार चावली होती. बाई पाच दिवस श्वासयंत्रावर राहिली आणि आठव्या दिवशी चालत टोळीत परत आली.

हीच मुलगी आता म्हणते, मला नर्स प्रॅक्टिशनरचा अभ्यासक्रम करायचा आहे. तिचे वडील आम्हाला विचारीत होते, "चार वर्षं बीएस्सी झालं, दोन वर्षं नोकरी झाली, आता आणखी किती शिकायचं? आणि हे प्रॅक्टिशनर म्हणजे नेमकं काय? डॉक्टर का नर्स?" प्रश्न रास्त आहे. आपल्या कार्यक्षेत्रातल्या कितीतरी मुली आज नर्सिंगला आहेत. तेव्हा त्या सभासदाला जे सांगितले, तेच सर्वांसाठी येथे सविस्तर मांडत आहोत.

१) नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे काय?

ही कल्पना अमेरिकेतली. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या सार्वजनिक आरोग्य परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ या दोघांनी पहिला अभ्यासक्रम सुरू केला. कारण आपल्याला ओळखीचे वाटेल असेच होते. खेड्यापाड्यांत मुलांना पाहायला डॉक्टर पुरत नव्हते, आणि अनुभवी नर्सला रोग्यातले पुष्कळ कळत असूनही त्या कळण्याला शिक्षणाची व अधिकाराची जोड नव्हती. ती जोड त्यांनी दिली. आज अमेरिकेत साडेतीन लाखांहून अधिक नर्स प्रॅक्टिशनर आहेत आणि निम्म्याहून अधिक राज्यांत त्या स्वतंत्रपणे रोगी तपासून औषध लिहून देतात. फोर्डबाई जानेवारी २०२५ मध्ये १०४ व्या वर्षी वारल्या. आपण लावलेले रोप केवढे वाढले, ते त्यांना डोळ्यांनी पाहता आले.

आपल्याकडे मात्र गोष्ट वेगळी आहे, आणि ती आधीच समजून घ्यावी. भारतात नर्स प्रॅक्टिशनर स्वतंत्र दवाखाना टाकून बसत नाही. रुग्णालयाने ठरवून दिलेल्या लेखी नियमांनुसार आणि डॉक्टरांच्या बरोबरीने ती काम करते. रोगी बारकाईने तपासणे, बिघाड लवकर ओळखणे, ठरलेल्या चौकटीत उपचार सुरू करणे आणि इतर नर्सेसना शिकवणे हे तिचे काम. तिला डॉक्टर म्हणू नये, पण नुसती इंजेक्शन देणारी बाईही समजू नये.

२) शिडीच्या पायऱ्या

पायऱ्या न समजल्यामुळे फसगत होते, म्हणून त्या क्रमाने देतो.

एएनएम : बारावीनंतर दोन वर्षे. उपकेंद्रात आणि गावपातळीवर काम.

जीएनएम : बारावीनंतर तीन वर्षे. इंग्रजी विषय लागतो.

बीएस्सी नर्सिंग : चार वर्षांची पदवी. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे, आणि खुल्या वर्गाला या विषयांत किमान ४५ टक्के गुण लागतात. महाराष्ट्रात राज्याच्या सीईटी कक्षामार्फत प्रवेशपरीक्षा होते.

पोस्ट बेसिक बीएस्सी : जीएनएम झालेल्या नोंदणीकृत नर्ससाठी दोन वर्षांची पदवी. जीएनएमवर थांबावे लागले म्हणून दार बंद झाले, असे समजू नये.

यानंतर नर्स प्रॅक्टिशनरच्या दोन वाटा फुटतात. पहिली वाट अतिदक्षता विभागाची. भारतीय परिचर्या परिषदेने आखलेला हा दोन वर्षांचा एमएस्सी अभ्यासक्रम आहे. त्यासाठी बीएस्सी किंवा पोस्ट बेसिक बीएस्सी, नर्स म्हणून नोंदणी आणि किमान एक वर्षाचा रोग्यांजवळच्या कामाचा अनुभव लागतो. हा अनुभव अतिदक्षता विभागातला असेल तर उत्तम. दुसरी वाट प्रसूतिशास्त्राची. केंद्र सरकारने २०१८ साली प्रसूतिसेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत हा अठरा महिन्यांचा अभ्यासक्रम सांगितला आहे, म्हणजे आपल्या आडसाली उसाएवढा काळ. नोंदणी झालेल्या आणि बाळंतपणे करण्याचा अनुभव असलेल्या नर्ससाठी तो आहे.

३) प्रवेशाआधीचे वर्ष

लागणीआधी रान तयार करावे लागते. नांगरट, ताग, शेणखत यांत जो कंटाळा करतो, त्याला पुढे युरियाची पोती ओतूनही टनेज मिळत नाही. अभ्यासक्रमाच्या आधीचे वर्ष हे असेच मशागतीचे वर्ष आहे. त्या वर्षात चार गोष्टी कराव्यात.

पहिली, अतिदक्षता विभागातली नोकरी. पगार पाचशे-हजाराने कमी असला तरी चालेल, पण जिथे श्वासयंत्रावरचे आणि हृदयविकाराचे रोगी असतात, तिथे काम करावे. रोज एक तरी रोगी मनात धरून घरी यावे आणि त्याला काय झाले, का झाले, काय दिले आणि त्याने काय फरक पडला, हे वहीत दहा ओळींत लिहावे. वर्षाअखेर ही वही कोणत्याही गाईडपेक्षा उपयोगी पडते.

दुसरी, शरीररचना व शरीरक्रिया यांची उजळणी. बीएस्सीच्या पहिल्या वर्षात हे विषय बहुतेकींनी पाठ करून काढलेले असतात. आता ते समजून घ्यावेत. हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि मज्जासंस्था या चारांपासून सुरुवात करावी.

तिसरी, इंग्रजी. मराठी माध्यमातून आलेल्या मुली हुशार असूनही इथे अडतात. रोज एक पान मोठ्याने वाचावे, त्यातले पाच शब्द लिहून काढावेत आणि रोग्याची माहिती चार वाक्यांत इंग्रजीत सांगण्याचा सराव करावा. मैत्रीण हसली तर हसू द्यावे.

चौथी, हिशेब. याबद्दल स्वतंत्रच सांगतो.

४) औषधाचा हिशेब

फवारणीच्या पंपात औषधाचे माप चुकले तर पीक करपते. रोग्याच्या बाबतीत चूक झाली तर माणूस जातो. म्हणून हा हिशेब झोपेतून उठवले तरी आला पाहिजे.

सोपे उदाहरण घेऊ. ५०० मिलिलिटर सलाईन ४ तासांत द्यायचे आहे. संच असा आहे की एका मिलिलिटरचे २० थेंब पडतात. एकूण थेंब ५०० गुणिले २०, म्हणजे १०,०००. चार तासांची मिनिटे २४०. भागाकार ४१.६ च्या पुढे येतो, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब.

आता अतिदक्षता विभागातले. रक्तदाब सावरण्याचे नॉरअॅड्रिनॅलिन ४ मिलिग्रॅम घेऊन एकूण द्रावण ५० मिलिलिटर केले. ४ मिलिग्रॅम म्हणजे ४,००० मायक्रोग्रॅम, म्हणून एका मिलिलिटरमध्ये ८० मायक्रोग्रॅम आले. रोग्याचे वजन ६० किलो, आणि आदेश किलोमागे मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅमचा. म्हणजे मिनिटाला ६ मायक्रोग्रॅम, तासाला ३६०. त्याला ८० ने भागले की ४.५ येतात. सिरिंज पंपावर तासाला ४.५ मिलिलिटर लावायचे.

या हिशेबात मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांची गल्लत झाली तर हजारपटीचा फरक पडतो. म्हणून उत्तर काढल्यावर दुसऱ्या नर्सकडून तपासून घ्यावे. त्यात कमीपणा नाही. आपणही काट्यावर वजन झाले की पावती पुन्हा वाचतोच की. रोज असे पाच हिशेब कागदावर करावेत. मोबाईलच्या गणनयंत्राची सवय आधी लावू नये.

५) तीन विषय एकत्र शिकावेत

अतिदक्षतेच्या अभ्यासक्रमात तीन विषय कणा म्हणून आहेत. रोगात शरीराचे काय बिघडते, हा पहिला. औषधे काय करतात, हा दुसरा. आणि रोगी नखशिखांत तपासायचा कसा, हा तिसरा. पुष्कळ मुली हे तीन विषय तीन वह्यांत, तीन वेगळ्या दिवशी वाचतात आणि परीक्षेत गोंधळतात. आमचे म्हणणे असे की, एक रोग घ्यावा आणि तिन्ही विषय त्याच्यावर लावावेत.

वर सांगितलेली मण्यारच घेऊ. तिचे विष मज्जातंतूच्या टोकावर मारा करते. तिथून स्नायूला जाणारा निरोपच सुटत नाही. म्हणून स्नायू लुळे पडत जातात. हे झाले बिघाडाचे ज्ञान. आता तपासणीत काय दिसेल? आधी पापण्या खाली येतील, मग बोलणे व गिळणे अवघड होईल, मान उचलता येणार नाही आणि शेवटी श्वास उथळ होईल. दंश बहुधा रात्री, झोपेत होतो. तो फारसा दुखत नाही आणि पुष्कळदा खूणही सापडत नाही, म्हणून पोटदुखीवर फसायचे नाही. आता औषध. आपल्याकडची प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांवर चालते. रक्तात फिरणारे विष ती निकामी करते, पण मज्जातंतूच्या टोकाला झालेली इजा लगेच भरून काढीत नाही. म्हणून लस देऊनही श्वासयंत्राची गरज पडू शकते, कधी कित्येक दिवस. लसीची प्रतिक्रिया उमटू शकते, म्हणून अॅड्रिनॅलिन हाताशी हवे.

बघा, एका रोगात तीन विषय झाले. अशीच कीटकनाशकाची विषबाधा घ्यावी, हृदयविकाराचा झटका घ्यावा, जंतुसंसर्गाने खचलेला रक्तदाब घ्यावा. आठवड्याला एक रोग धरला तरी वर्षाला पन्नास होतात.

(सभासदांनी एवढे ध्यानात ठेवावे : साप चावल्यावर आवळून बांधू नये, चिरा देऊ नयेत, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. हातपाय हलू न देता सरळ दवाखाना गाठावा. टोळीच्या मुकादमांनाही हे सांगावे.)

६) प्रत्यक्ष काम आणि नोंदवही

या अभ्यासक्रमात वर्गात बसणे थोडे आणि रोग्याजवळ उभे राहणे फार. परिषदेच्या आखणीत सुमारे २० टक्के शिकवणे आणि ८० टक्के प्रत्यक्ष काम आहे. म्हणजे नोकरीसारखीच ड्यूटी करून उरलेल्या वेळात अभ्यास करावा लागतो. प्रत्येक कौशल्य करून दाखवून नोंदवहीत सही घ्यावी लागते, शिवाय एक प्रबंधही असतो.

इथे दोन चुका नेहमी होतात. एक म्हणजे नोंदवही साचू देणे. महिनाभराच्या नोंदी एका रात्री भरायच्या म्हटले की काहीच आठवत नाही. पाळी संपली की त्याच दिवशी नोंद करावी. आणि जे केले नाही ते केले म्हणून लिहू नये, कारण पुढे तेच काम एकटीवर येते. दुसरी चूक म्हणजे प्रबंधाचा विषय अवाढव्य निवडणे. आपल्या विभागात रोज दिसणारा छोटा प्रश्न घ्यावा. उदाहरणार्थ, झोपून असलेल्या रोग्याला पाठीवर जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलण्याचे वेळापत्रक किती पाळले जाते. माहिती पहिल्या वर्षीच गोळा करायला लागावे.

राउंडवर डॉक्टरांना माहिती सांगताना चार गोष्टी क्रमाने सांगाव्यात : आत्ता काय घडले आहे, रोग्याची मागची हकीकत काय, मला काय वाटते आणि मला काय हवे आहे. "सर, पेशंट बरा वाटत नाही," एवढ्याने भागत नाही. "श्वास मिनिटाला १८ वरून ३० झाला आहे, आपण आत्ता येऊन पाहावे," असे सांगितले की समोरचा उठतो.

प्रश्न विचारायला लाजू नये. आपल्याकडच्या मुलींना मोठ्या माणसांपुढे बोलायची सवय नसते, हे आम्ही जाणतो. पण न समजता मान डोलावणारी नर्स रोग्याला धोक्याची असते.

७) घरच्यांनी काय करावे?

आता बोलणे पालकांशी आणि सासरच्या मंडळींशीही.

रात्रपाळी करून आलेली मुलगी दुपारी झोपली तर तिला आळशी म्हणू नका. तिच्या झोपेवर दुसऱ्याचा जीव अवलंबून आहे. सणावाराला ती आली नाही तर समजून घ्या. स्थळ चालून आले म्हणून दुसऱ्या वर्षात अभ्यास मोडू नका. लग्न ठरवायचेच असेल तर, अभ्यास आणि नोकरी चालू राहील, हे बैठकीतच दहा माणसांसमोर बोलून घ्या.

पैशाचेही नीट पाहावे. संस्थेला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची आणि भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, विद्यापीठाची संलग्नता आहे का, हे आधी कागदावर पाहा. आपल्याकडे आरोग्य शाखेचे विद्यापीठ नाशिकला आहे, ते १९९८ साली स्थापन झाले. नर्सिंग शिक्षणासाठी १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी नवा राष्ट्रीय कायदा २०२३ साली संमत झाला आहे. त्यामुळे नियमांत बदल होत राहतील. म्हणून ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा, त्या वर्षीचेच माहितीपत्रक वाचावे. आमच्या माहितीतल्या एका शेतकऱ्याने उसाचे सगळे बिल एका संस्थेत भरले, आणि दीड वर्षाने कळले की त्या अभ्यासक्रमाला मान्यताच नव्हती. पोरीची दीड वर्षे गेली, पैसे गेले, आणि तो माणूस अजून कुणाशी त्याबद्दल बोलत नाही. चकचकीत इमारत आणि वर्तमानपत्रातली जाहिरात म्हणजे मान्यता नव्हे.

शासनाने २०२४ साली, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय घेतला. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो, व्यवस्थापन कोट्यातला चालत नाही. आपण निवडलेल्या अभ्यासक्रमाला हे लागू आहे का, तेवढे प्रवेशाआधी लेखी विचारून घ्या.

आणखी एक गोष्ट लपवून ठेवणे बरे नाही. नर्स प्रॅक्टिशनर म्हणून वेगळी पदे अजून सगळ्या सरकारी रुग्णालयांत निर्माण झालेली नाहीत. मोठी खासगी व शिकवणारी रुग्णालये या ज्ञानाची कदर करतात, पण गावाजवळ लगेच तशी खुर्ची मिळेल, असे धरून चालू नये. परदेशी जायचे असेल तर तिथली परवाना परीक्षा वेगळी द्यावी लागते, आणि अमेरिकेत प्रॅक्टिशनर व्हायचे तर तिथले पदव्युत्तर शिक्षण लागते. आपल्याकडचे प्रमाणपत्र दाखवून तिकडे हे काम मिळत नाही. हे सगळे जाणून मग निर्णय घ्यावा.

८) शेवटी

त्या सभासदाला आम्ही हे सगळे सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्या टोळीतल्या बाईला लहान पोर होतं. ते माझ्या पोरीच्या पायाशी बसलं होतं म्हणे." एवढे बोलून तो उठला. मागच्या आठवड्यात गट ऑफिसला आला, तेव्हा मुलीच्या अर्जासोबत जोडायचा उत्पन्नाचा दाखला त्याच्या हातात होता. प्रवेश मिळतो की नाही, ते कळायचे आहे. न मिळाल्यास पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा, असे बापलेकीचे ठरले आहे.

आपल्या कार्यक्षेत्रात ऊसतोडीच्या हंगामात हजारो माणसे उघड्यावर राहतात. कोयत्याचे घाव, ट्रॉलीचे अपघात, सर्पदंश, अवघडलेल्या बाळंतिणी हे दर वर्षीचे आहे. तज्ज्ञ डॉक्टर तालुक्याला चोवीस तास मिळतीलच असे नाही. अशा वेळी बिघाड अर्धा तास आधी ओळखणारी शिकलेली नर्स जवळ असणे ही आपल्या सर्वांची गरज आहे. तेव्हा ज्या सभासदांच्या मुली, सुना किंवा मुलगे नर्सिंगला आहेत, त्यांनी हा अंक त्यांच्या हाती द्यावा. आणि ज्यांची यंदा बारावी आहे, त्यांनी विज्ञान शाखेचे चार विषय नेटाने करावेत, एवढेच आमचे सांगणे.